चुन्याची डबी

थानेश्वर भराली ओसरीच्या पायरीवर बसून बटा घासत होता. उंच बैठकीचा तो काशाचा थाळा वर्षभर फडताळात पालथा पडून होता आणि त्याच्या कडेला हिरवट चढलं होतं. चिंच आणि राख लावून तो अंगठ्याने कड घासायचा, पाणी ओतायचा, उन्हाकडे धरून बघायचा आणि पुन्हा घासायला लागायचा. हे काम त्याच्या बायकोचं, हेमप्रभाचं होतं. तिच्या हातून ते लवकर व्हायचं.

अंगणाच्या पलीकडच्या घरातून त्याचा धाकटा भाऊ भदेश्वर आला. त्याला सगळे भादे म्हणत. दोघांच्या चुली वेगळ्या होत्या, अंगण एकच होतं. भादे पायरीशी थांबला.

"दादा, घासतोयस खरा. पण त्यात ठेवणार काय?"

"विणलेला गामोसा ठेवीन. वर तुळशीची पानं."

"आणि तामूल?"

थानेश्वर घासत राहिला.

"अरे, बायकांना देवाचं नाम गायला बोलवायला चाललास. बट्यात तामूल-पान नसेल तर ते बोलावणं झालं का? कुणी विचारलं तर काय सांगणार? थानेश्वर भरालीच्या वाडीत तामूल पिकत नाही?"

"नाहीच पिकत."

भादेने घरामागच्या वाडीकडे बघितलं. तिथे तामूल, म्हणजे सुपारी, देणाऱ्या पोफळींचे बुंधे होते, गुडघ्याएवढे कापलेले. त्यांच्यावर चढलेल्या पानवेली जमिनीवर पसरून वाळल्या होत्या. बापाने लावलेली झाडं होती ती. मागच्या वर्षी हेमप्रभाची तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी थानेश्वरने कुऱ्हाड घेतली. तो सुतार होता, गावातले बरेचसे हातमाग त्याने बनवलेले होते. झाड पाडणं त्याला जड नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळी आडवी झाली.

तिची सुपारी चिरायची सुरी, कापडी बटवा, पान ठेवायची ओली फडकी, सगळं त्याने नदीत सोडलं होतं. चुन्याची डबी मात्र सापडली नाही. पितळेची, झाकणाला एका बाजूने पोचा आलेली. ती नवी होती तेव्हा थानेश्वरचाच पाय तिच्यावर पडला होता. हेमप्रभा रोज संध्याकाळी त्या डबीत दोन थेंब पाणी घालायची. नाही घातलं तर चुना दगड होतो. थानेश्वरने फडताळं, पेट्या, मागाची खोली सगळं शोधलं, आणि शेवटी शोधणं सोडून दिलं.

"माझ्याकडचं घेऊन जा," भादे म्हणाला. "माझ्या झाडांना लागलंय भरपूर."

"नको."

"लोक हसतील."

"हसतातच आहेत," थानेश्वर म्हणाला आणि बट्यावर पाणी ओतलं.

*

हसत होते हे खरंच होतं. हेमप्रभाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून परत आणलं, आणि मग ती गेली, त्यानंतर थानेश्वर ज्याला त्याला एकच गोष्ट सांगत सुटला होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी दाखवलेली. हाताची तीन बोटं जुळवायची, उभी धरायची आणि तोंडात घालून बघायची. जात असतील तर ठीक. जात नसतील तर तामूल बंद करून लगेच दवाखाना गाठायचा. तो स्वतः रोज सकाळी विहिरीवर हे करायचा. दुकानाच्या बाकावर बसलेल्यांना करायला सांगायचा. पहिल्यांदा लोकांनी ऐकलं, काहींनी करूनही बघितलं. नंतर तो लांबून दिसला की कुणीतरी म्हणायचं, "तीन बोटं आले रे, तोंडं मिटा!" आणि सगळे गालातलं तामूल सांभाळत हसायचे.

आजही दुकानावरून जाताना तेच झालं. थानेश्वर थांबला नाही. बटा दोन्ही हातांत छातीशी धरून तो घरोघर गेला आणि शेवटी सोणपाही आत्याकडे आला. आत्या ओसरीवर बसून लहानशा उखळीत तामूल कुटत होती. दात गेल्यापासून ती असंच कुटून खायची.

"हे काय आणलंस?" तिने वाकून बट्यात बघितलं. "फडकं आणि पाला. मी काय शेळी आहे?"

"परवा दुपारी नामाला ये, आत्या. हेमप्रभाच्या नावाने ठेवलंय. भाद्रपदात ती दरवर्षी ठेवायची."

"येईन रे. तिच्या नावाचं आहे म्हणून येईन. नाहीतर या बट्याला मी नाही म्हटलं असतं आणि कुणी मला बोललं नसतं. तामूल-पान पुढे आलं की माणूस बांधला जातो. तुझा बाप आणि माझा नवरा, बांधावरून वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. शेवटी तुझा बाप आला, गुडघे टेकले, बटा पुढे ठेवला. काय करतील आमचे? बसले जरा फुगून, आणि उचललं एक तामूल. उचललं की संपलं." तिने उखळीतला चोथा बोटाने काढून तोंडात टाकला. "माझं तोंड नाही तपासत?"

"उघड."

"दात एक नाही. तीन बोटं कशाला, मूठ घाल!"

ती स्वतःच्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसली. थानेश्वरही जरासा हसला. मग तिने बट्यातलं तुळशीचं एक पान उचलून कपाळाला लावलं.

*

नामाच्या दिवशी आभाळ मोकळं होतं. बायका दुपारीच आल्या आणि अंगणात चटया टाकून बसल्या. थानेश्वर मागाच्या छपरीत, खांबाला टेकून बसला. तिथून बायका दिसत नव्हत्या, पण टाळ्या, झांजा आणि गाणं सगळं ऐकू येत होतं. समोर हेमप्रभाचा माग होता. त्यावर अर्धवट राहिलेलं सूत कुणीतरी फडक्याने झाकून ठेवलं होतं.

एक नाम संपलं की बायका उरुली काढतात. जीभ झरझर हलवून काढलेला लांब, थरथरता सूर. लग्न असो, नाम असो, मूल जन्मो, उरुलीशिवाय त्यांच्याकडे काही शुभ होत नाही. भरालींच्या घरच्या दोन बायकांची उरुली गावात माहीत होती. हेमप्रभा खालून सुरू करून चढवत न्यायची. भादेची बायको जोनाली वरून येऊन तिला मिळायची. भरालींकडे नाम असलं की नदीपलीकडे कळतं, असं लोक म्हणायचे.

जोनालीला थानेश्वर ओळखत होता तो याच आवाजाने. तिचा चेहरा त्याने कधी नीट बघितला नव्हता. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराच्या समोर येत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याची सावलीसुद्धा ओलांडत नाही. एका अंगणात इतकी वर्षं काढली, पण त्याला तिचे पाय माहीत होते, अंगावरच्या चादरीचा खाली ओढलेला पदर माहीत होता, बांगड्यांचा आवाज माहीत होता. तो खाकरला की ती भिंतीआड व्हायची. ती विहिरीवर असली की तो मागच्या वाटेने जायचा. त्यात अवघडलेपण नव्हतं. तसंच असायचं असतं.

पहिलं नाम संपलं. उरुली उठली. थानेश्वरने डोळे मिटले. आत्याचा चिरका आवाज कळला, शेजारच्या दोघीतिघींचे कळले. तो वरून येणाऱ्या आवाजाची वाट बघत राहिला.

दुसरं नाम संपलं, तिसरं संपलं. तो आवाज आला नाही. एकदा सुरू झाल्यासारखा वाटला आणि मध्येच हवेत विरला.

थानेश्वरने डोळे उघडले. हेमप्रभानेही शेवटी शेवटी उरुली सोडली होती. विचारलं तर म्हणायची, वय झालं आता, पोरींनी काढावी.

प्रसाद वाटून झाला. भिजवलेले मूग आणि हरभरे, खोबरं, केळं, आल्याचे बारीक काप. बायका गप्पा मारत खाऊन उठल्या, आणि अंगण रिकामं झाल्यावर थानेश्वर केळीची पानं गोळा करू लागला. घरात बाई नाही, तर हे त्यालाच करायचं होतं. आत्या एकटीच ओसरीवर टेकून बसली होती.

मागाच्या छपरीच्या बाहेरच्या बाजूला, कोपऱ्यात, एक पान होतं. ती जागा हेमप्रभा आणि जोनालीची. पुरुषांकडे पाठ करून दोघी तिथेच बसायच्या. पानावर मुगाचा दाणा उरला नव्हता. आल्याचे काप तेवढे एका कडेला सारून ठेवले होते, सगळेच्या सगळे, एकाला एक लावून.

थानेश्वर ते पान हातात घेऊन उभा राहिला.

"भादेची बायको आलं खात नाही?" त्याने विचारलं.

"कसं खाईल? तिखट सोडलंय तिने," आत्या म्हणाली. "तुझी बायको गेली तेव्हापासून. मिरची नाही, मिरी नाही, आलं नाही. गुणाची पोर आहे. एवढ्या तरुण वयात इतकं कोण पाळतं? तुझ्या हेमप्रभाचं बघूनच शिकली. तिनेही गोसाईंकडून शरण-दीक्षा घेतल्यावर असंच एकेक सोडलं होतं. आम्ही म्हणायचो, भरालींच्या सुनेला देव लवकर भेटणार."

थानेश्वरला दवाखान्यातली ती खोली आठवली. डॉक्टरबाई तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न केला होता, "यांनी तिखट कधी सोडलं?" आणि थानेश्वरने सांगितलं होतं, गोसाईंकडून शरण घेतलं तेव्हापासून, फार पाळते ती. हे सांगताना त्याला बरं वाटलं होतं. डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं होतं.

"त्यांनी तिखट सोडलं नव्हतं," त्या म्हणाल्या होत्या. "त्यांना ते खाता येत नव्हतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं होतं. सुपारीने तोंडाची आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते. आधी जळजळ होते, तिखट सहन होत नाही. मग गाल आवळतात, जीभ पूर्वीसारखी हलत नाही, तोंड उघडेनासं होतं. तंबाखू नसली तरी होतं. अशा तोंडात पुढे कधी वाईट जखम धरते. पण तिखट लागायला लागलं तेव्हाच सुपारी सोडली आणि दाखवलं, तर पुष्कळदा तिथेच थांबवता येतं. हेमप्रभा बाजूला बसून ऐकत होती. तिच्या तोंडात तेव्हा एक बोट जात नव्हतं.

"आत्या," थानेश्वर म्हणाला, "तू जाऊन तिचं तोंड बघ. मला बघता येत नाही. तू बाई माणूस आहेस."

आत्याचं हसू गेलं.

"परत सुरू झालं का तुझं?"

"एकदाच बघ."

"आणि काय सांगू तिला? तुझं व्रत हे व्रत नाही, रोग आहे? देवाच्या नावाने सोडलेलं पुन्हा तोंडात घालून बघ, जळतं का? मी नाही जाणार त्या पापात." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. जाता जाता थांबली. "थाने, पोरा, ती गेली. आता प्रत्येकीत तिला शोधू नकोस."

*

भादेला त्याने दुसऱ्या दिवशी गाठलं. भादे गोठ्यात गाईला पेंढा टाकत होता.

"तुझ्या घरच्या माणसाचं तोंड एकदा दाखवून आण," थानेश्वर म्हणाला.

"का? काय झालं?"

"उरुली निघत नाही तिची."

"वहिनीच्या नावाचं नाम होतं, दादा. रडत होती ती. रडत्या माणसाची उरुली निघते का?"

"पानात आलं बाजूला काढलं होतं."

भादेच्या हातातला पेंढा तसाच राहिला.

"तू तिच्या पानात बघितलंस?"

"पानं उचलत होतो मी."

"गाव तुला हसतं, मी ऐकून घेतो," भादे म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द सावकाश येत होते. "झाडं तोडलीस, बापाची झाडं, तेव्हाही मी काही बोललो नाही. वहिनी गेली म्हणून. पण माझ्या बायकोच्या तोंडात काय आहे ते थोरल्या दिराने बघायचं नसतं. कुणी ऐकलं तर काय म्हणेल?"

"मग तू बघ."

"काय बघू?"

"ती कशी जेवते ते बघ. घास केवढा घेते ते बघ."

भादेच्या घरात आधी तो जेवायचा, मग ती. ती पाठमोरी बसून जेवायची. थानेश्वरच्या घरातही तसंच होतं. सगळ्यांच्याच घरात तसं होतं.

"तंबाखूचा कण खात नाही ती," भादे शेवटी म्हणाला. "नुसतं तामूल. ते तर आपण गोसाईंच्याही पुढे ठेवतो."

"हेमप्रभाही तंबाखू खात नव्हती."

"पुरे, दादा."

भादेने पेंढा टाकला आणि आत निघून गेला. त्यानंतर सकाळच्या चहाला तो इकडे आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जोनालीच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा ऐकू येईना. थानेश्वर अंगणात दिसला की ती सगळी कामं आत ओढून घेत असावी.

थानेश्वर मागाचं पायाने दाबायचं एक जुनं पावटं तासत बसायचा. तासता तासता हात थांबायचा आणि कान पलीकडच्या स्वयंपाकघराकडे जायचा. उखळीचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा. एका दुपारी सुपारी चिरल्याचा आवाज आला, सुरीचा फळीवर बारीक ठक. मग थोडी शांतता. मग पुन्हा ठक. ही वेळ हेमप्रभा आणि जोनालीची होती. कामं आटोपली की दोघी मागच्या दाराशी बसून तामूल खायच्या आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलत राहायच्या. काय बोलायच्या ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

त्याने पावटं खाली ठेवलं, कुदळ घेतली आणि वाडीत गेला.

केळीच्या बेटाजवळ तो खड्डा होता. तिथली माती अजून जराशी खचलेली दिसायची. गावात सगळेच पिकलेलं तामूल खड्ड्यात पुरतात, महिनोन्‌महिने. साल कुजते, वास सुटतो, आतली सुपारी मऊ पडते. जाणत्यांना तीच आवडते. हा खड्डा हेमप्रभाने भरला होता, आजारी पडायच्या आधी. झाडं तोडली तेव्हा थानेश्वरने याला हात लावला नव्हता.

दुसऱ्याकडून मागून आणलेलं तामूल पुढे ठेवून विनवणी करणं त्याच्या मनाला पटत नव्हतं. त्याने माती काढली. आंबूस, उग्र वास वर आला. पुष्कळसं तामूल काळं पडून गेलं होतं. तळाशी थोडं शाबूत होतं. ते त्याने विहिरीवर धुतलं, सोललं. पान मात्र घरी नव्हतं. जमिनीवर वाळलेल्या वेलींत शोधता शोधता एका बुंध्याच्या पायथ्याशी फुटलेली नवी कोवळी पानं मिळाली. ती पुसून त्याने बट्यात ठेवली, वर तामूल ठेवलं, धुतलेला गामोसा खांद्यावर घेतला.

भादे घरी असताना जायचं, हे त्याने ठरवलं होतं. मागाहून कुणाला काही बोलायला जागा नको.

भादे जेवून विहिरीवर हात धूत होता. थानेश्वर अंगण ओलांडून भावाच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला. दाराला जुन्या मेखलेचा, बायकांच्या नेसायच्या कापडाचा, पडदा होता. आत भांड्याचा आवाज चालू होता. तो खाकरला, आवाज थांबला. थानेश्वरने उंबऱ्यावर बटा ठेवला, गुडघे टेकले, गामोसा गळ्याभोवती घेतला आणि कपाळ जमिनीला लावलं.

"दादा!" भादे विहिरीवरून धावत आला. "हे काय करतोस? ऊठ. तू तिच्या पाया पडतोस? तिला पाप लागेल!"

थानेश्वर उठला नाही.

"पोरी," तो पडद्याकडे न बघता म्हणाला, "मी बोलतोय. तुझ्याशी मी कधी बोललो नाही. बोलायचं नसतं. आज बोलतोय, त्याचा दोष माझ्याकडे."

आत अजिबात आवाज नव्हता.

"तोंड दाखव असं म्हणत नाही मी. एक उरुली काढ. पूर्वी काढायचीस तशी. ती ऐकली की मी उठतो. या अंगणात पुन्हा कधी ही गोष्ट काढणार नाही. नाही निघाली, तर यातलं एक उचल आणि भादेबरोबर दवाखान्यात जा. एवढंच मागणं आहे."

भादे तिथेच उभा होता. त्याच्या ओल्या हातांचं पाणी मातीत पडत होतं.

मग पडद्याआड कुणीतरी दीर्घ श्वास घेतला. आणि हवा आली. फुटक्या फुंकणीतून यावी तशी, नुसती हवा. तिच्यात सूर धरला, थरथरला आणि तुटला. पुन्हा श्वास. पुन्हा हवा. या वेळी सूरही धरला नाही.

तिसऱ्यांदा तिने केलं नाही.

पडद्याच्या खालून हात बाहेर आला. एक शंखाची बांगडी, दोन काचेच्या. तर्जनीच्या टोकाला चुन्याचा पांढरा डाग. त्या हाताने बट्याची कड धरली आणि बटा हळूहळू उंबऱ्यावरून आत ओढून घेतला.

थानेश्वर गुडघ्यांवर हात टेकून उठला. पाय बधिर झाले होते, भादेने त्याला दंडाला धरलं. दोघे भाऊ विहिरीपर्यंत आले. भादेने कळशीतलं पाणी तांब्यात ओतलं, पण प्यायला नाही.

"बोटं कशी धरायची?" त्याने विचारलं.

"अशी. उभी."

भादेने तीन बोटं जुळवली, त्यांच्याकडे बघितलं आणि घरात गेला. थानेश्वर विहिरीच्या कठड्याला टेकून थांबला. आतून बोलण्याचा आवाज आला, मग आलाच नाही. भादे बाहेर आला तेव्हा त्याचा हात अजून तसाच धरलेला होता.

"दोनसुद्धा नीट नाही गेली," तो म्हणाला. "दादा, इतकी वर्षं... मला कळलं कसं नाही रे?"

थानेश्वर म्हणाला, "हेमप्रभाचं एकही जात नव्हतं. हिची वेळ गेलेली नाही."

"तू कशावरून सांगतोस?"

"सांगत नाही. तिथे विचार. जाऊन विचार."

भादेने तोंडावर पाणी मारलं.

"पहाटेची बस अजून घाटावरूनच सुटते ना?"

"घाटावरूनच. पुढे बसा, मागे हिसके बसतात. डॉक्टरबाई असतील तर त्यांनाच दाखवा. हळू बोलतात, नीट ऐकून घ्यायचं."

*

सकाळी थानेश्वर उठला तेव्हा पलीकडचं घर बंद होतं. गाय दारात बांधलेली होती, तिच्यापुढे पेंढा टाकलेला होता. ओसरीच्या पायरीवर बटा ठेवलेला होता, वर त्याचाच गामोसा झाकलेला.

तो पायरीवर बसला आणि गामोसा उचलला.

पानं सुकली होती. तामूल होतं तसंच होतं, एक कमी. त्याच्या शेजारी एक सुरी होती, मुठीला दोरा गुंडाळलेली, ती जोनालीची असणार. आणि सुरीला टेकून चुन्याची डबी होती. पितळेची. झाकणाला एका बाजूने पोचा.

थानेश्वरने ती हातात घेतली. पोच्यावर अंगठा ठेवला. अंगठा तिथे नीट बसला.

वर्ष उलटून गेलं होतं. आत आता दगडच असणार असं धरून त्याने जोर लावून झाकण काढलं. ते सहज निघालं. चुना ओला होता, मऊ, लोण्यासारखा. वर बोटाची खूण होती.

त्याने पलीकडच्या घराच्या मागच्या दाराकडे बघितलं. तिथे दोन पाट भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही पुसलेले.

मग त्याने डबी झाकण न लावता पायरीवर ठेवली, जिथे आता ऊन यायचं होतं.